चतुराबाईची परात

आधीच सांगून ठेवते. ही घडलेली गोष्ट आहे. खोटी वाटली तर वाचू नका, पण खाली हसायचे इमोजी टाकू नका. त्यात माझ्या नवऱ्याचा जीव होता.

मी वहिदा. बिडकीनच्या बाजारात मासे विकते. माझी शाळा फार झाली नाही, म्हणून मी बोलतेय आणि माझी लेक झेबा मोबाईलवर टाईप करतेय. ती संभाजीनगरला कॉलेजला असते. मधेच म्हणते, "अम्मी, एवढ्या शिव्या नको, मी काढून टाकते."

काढ बाई. तुझा फोन, तुझं राज्य.

आमचं गाव नाथसागराच्या काठाला आहे. पैठणच्या जायकवाडी धरणाचं पाणी, त्यालाच नाथसागर म्हणतात. गावाचं नाव सांगत नाही. गावातल्यांना हा विषय काढलेला आवडत नाही. आम्ही कुणी समुद्र बघितलेला नाही, पण आमच्या काठावरून पलीकडचा काठ दिसत नाही. वारा सुटला की होडीएवढ्या लाटा उठतात. शहरातली माणसं येतात, तळं समजून पाण्यात पाय सोडून फोटो काढतात. मी हटकलं की मलाच हसतात.

ज्या वर्षी धरण अर्धंच भरलं होतं, त्या वर्षीची गोष्ट. दसरा होऊन गेलेला, कोजागिरी यायची होती. परतीच्या पावसाचे दिवस.

आता आमच्याकडची एक रीत सांगते, नाहीतर पुढचं कळणार नाही.

वादळात सापडलेल्या माणसाला काठ कुठल्या बाजूला आहे हेच कळत नाही. तो जागच्या जागी गोल फिरत बसतो. मोबाईल भिजतो, नाहीतर रेंज जाते. मग घरची बाई काठावर उभी राहून भांडं वाजवते. त्या आवाजाच्या रोखानं माणूस होडी आणतो.

ज्या घरची होडी, त्याच घरचं भांडं. दुसऱ्याचं नाही. प्रत्येक भांड्याचा आवाज वेगळा आणि प्रत्येक बाईचा हात वेगळा. पाण्यावरच्या माणसाला आपलं भांडं बरोबर ओळखू येतं. ऐकू आलं की तो वल्हं होडीवर आपटून जबाब देतो.

आणि एक नियम. आपल्या माणसाचा पाय काठाला लागेपर्यंत हात थांबवायचा नाही.

हिंदू असो, मुसलमान असो, आमच्या काठावर हे सगळ्या घरांत पाळतात.

माझं भांडं म्हणजे तेलाचा रिकामा डबा. आवाज असा की गाढवंसुद्धा पळतील. आणि आमच्या शेजारणीची, चतुराबाईची, पितळी परात. ती वाजली की पलीकडच्या वस्तीवर ऐकू जायची. दोन जड ठोके... एक हलका. दोन जड... एक हलका. असा तिचा हात.

तिचा नवरा कारभारीभाऊ थर्माकोलच्या तराफ्यावर बसून मासे धरायचा. चांगला माणूस. ईदला आमच्याकडं शीरखुर्मा प्यायला पहिला हजर. काही वर्षांपूर्वी असाच परतीचा पाऊस आला आणि तो पाण्यावर अडकला. चतुराबाईनं रात्रभर परात वाजवली. कुणाला हात लावू दिला नाही. पहाटे तिला चक्कर आली आणि ती खाली पडली.

हात थांबला.

दुसऱ्या दिवशी थर्माकोलचे पांढरे तुकडे काठाला लागले. कारभारीभाऊ काही सापडला नाही. आजपर्यंत नाही.

तिचा मुलगा सुदर्शन शेंद्र्याला कंपनीत कामाला आहे. तो आईला घेऊन गेला. घराला कुलूप लागलं. परात मात्र जाळी ठेवायच्या पत्र्याच्या शेडमध्ये खिळ्याला तशीच लटकत राहिली. तिला कुणी हात लावत नव्हतं. चतुराबाई जाताना माझ्या गळ्यात पडून एवढंच म्हणाली होती, "वहिदा, मी हात सोडला म्हणून ते गेले."

मी म्हणलं, "आक्का, कायतरीच काय बोलता!"

पण ती ऐकून घ्यायच्या पलीकडं गेली होती.

तर त्या दिवशी... दुपारी ऊन असं होतं की कोंबड्यासुद्धा भिंतीला चिकटून बसल्या होत्या. झेबा सुट्टीला घरी आलेली. तिच्या मोबाईलवर मेसेज आला. विजांसह वादळी पाऊस येणार, पाण्यात जाऊ नका. तिनं तो मोठ्यानं वाचून दाखवला.

माझा नवरा मोहियोद्दीन होडीचं दावं सोडत होता. म्हणाला, "हे मेसेजवाले रोजच भिववतेत. सकाळी नवी जाळी टाकलीत मधल्या पाण्यात. वादळ आलं तर चिंध्या होतील. अस्सा जातो, अस्सा येतो."

"जाळी गेली तर जाऊ द्या," मी म्हणलं. "तुम्ही गेलात तर मी काय त्या चिंध्या पांघरू?"

"तुझ्या तोंडापेक्षा वादळ बरं," म्हणाला आणि हसत हसत गेला.

मच्छीमार सोसायटीनं दिलेलं लाईफ जॅकेट आहे आमच्याकडं. या बाबानं ते मोटारसायकलच्या सीटवर बांधलेलं. बसायला मऊ लागतं म्हणे. असल्या माणसाशी संसार केलाय मी.

असरची, दुपार कलतानाची अजान झाली. मी काठावर मासे वाळत घातले होते, ते गोळा करत होते. झेबा मदतीला होती.

आणि वारा पडला.

एकदम. पंख्याचं बटन बंद करावं तसा.

मी मान वर केली. उथळ पाण्यात दिवसभर बगळे उभे असतात... एकही नव्हता. बेडकांचा आवाज नाही. रोज आमच्या पायात घोटाळणारी कुत्रीसुद्धा कुठंतरी गायब झालेली.

"अम्मी, तिकडं बघ," झेबा म्हणाली.

शेवगावच्या बाजूनं ढग आला होता. काळा. ढगाचं पोट एवढं खाली लोंबत होतं की आता पाण्याला टेकेल असं वाटत होतं. आत गुडगुड चालू होती, पण गार झुळूक म्हणाल तर नाही. अंगाला घाम फुटत होता.

मग त्या पोटातून काहीतरी खाली आलं.

बारीक... लांब... हलत हलत.

आमचे म्हातारे सांगायचे, ढग सोंड टाकतो आणि पाणी पितो. मला ते लहान पोरांना घाबरवायचं बोलणं वाटायचं. त्या दिवशी मी बघितलं. सोंड पाण्याला टेकली आणि खालचं पाणी गोल फिरायला लागलं. पांढरं, उकळल्यासारखं. मग पाणीच वर चढलं. ढगापासून धरणापर्यंत एक खांब उभा राहिला आणि तो चालत होता.

मधल्या पाण्याकडं चालत होता.

झेबानं व्हिडिओ काढायला मोबाईल वर धरला होता, तिचा हात तसाच खाली आला. त्यामुळं व्हिडिओ कुठाय असं विचारू नका. तिकडं तिचा बाप होता.

मी ओरडले. काय ओरडले आठवत नाही. तेवढ्यात कडाडून वीज पडली आणि पाऊस आला. पाऊस कसला, भिंतच. खांब दिसेना, पाणी दिसेना, शेजारी उभी असलेली पोरगी दिसेना. मगरीब, दिवस मावळतानाची नमाज, व्हायची होती अजून, पण अंधार पार झालेला.

डबा!

मी शेडकडं पळाले. आत गेले आणि तेव्हा आठवलं... डबा मी सकाळी बर्फ ठेवायला बिडकीनला नेला होता. तिथंच राहिला, दुकानाच्या फळीखाली. मी कपाळावर हात मारून घेतला. घर लांब. घरातली पातेली अॅल्युमिनियमची, त्या पावसात अंगणापर्यंतसुद्धा ऐकू गेली नसती.

खिळ्याला परात लटकत होती.

मी ती ओढून काढली. वल्ह्याचा एक तुटका दांडा घेतला आणि काठावर आले.

झेबानं बघितलं. "अम्मी, ही तर चतुरामावशीची..."

"असू दे! तुझ्या अब्बाला आवाज पाहिजे. कुणाच्या का भांड्याचा असेना."

"विजा चालल्यात, हातात पितळ धरून उभी राहू नको."

बरोबर होतं तिचं. मला कळत नव्हतं असं नाही. पण घरात बसून कान झाकून घ्यायचे का? मी वाजवायला लागले.

माझा हात सरळ. भराभर, एकसारखा. भाजीवाल्याला हाक मारावी तसा. तसंच वाजवत होते. किती वेळ कुणास ठाऊक. खांदा भरून आला. तोंडात पावसाचं पाणी जात होतं.

आणि मग माझ्या लक्षात आलं...

दोन जड... एक हलका.

दोन जड... एक हलका.

मी तसं वाजवत नव्हते. खुदा कसम, मी तसं वाजवत नव्हते. मी हात सरळ करायला बघितलं. जमेना. दांडा आपोआप तिसऱ्या ठोक्याला हलका पडत होता.

तेवढ्यात पाण्यातून जबाब आला.

थप्प.

"अब्बा!" झेबा उडीच मारून ओरडली. "अम्मी, अब्बांनी वल्हं मारलं!"

माझ्या डोळ्यांत पाणी आलं. अल्लाचे आभार मानले. आणखी जोरानं वाजवलं.

थप्प.

आणि मी नीट कान दिला.

आमची होडी पत्र्याची आहे. तिच्यावर वल्हं आपटलं की ठण्ण वाजतं. कुठूनही ओळखेन मी. हा आवाज बद्द होता. ओल्या गादीवर काठी मारावी तसा.

थर्माकोलवर मारल्यावर असा आवाज येतो.

गावातले सगळे तराफे मेसेज आल्यापासून काठावर उलटे घालून ठेवले होते. आम्ही त्यांच्याच शेजारी उभ्या होतो. त्या दिवशी पाण्यावर एकच माणूस गेला होता. माझा.

थप्प... 

जरा जवळून.

झेबाला पण कळलं. तिनं माझं मनगट धरलं. "अम्मी, थांब. तू त्यांना बोलवायलीस. थांब ना!"

मी तिला ढकललं. माझ्या लेकीला मी चिखलात ढकललं.

कारण मी थांबले असते तर काय झालं असतं, सांगा. त्या अंधारात आवाज एकच होता. तो ऐकून जो येत होता तो येत होता, पण माझाही माणूस त्याच आवाजावर असणार. आवाज बंद झाला असता तर तो गेला असता. मी भीत होते. कुराणातली आयतल कुर्सी म्हणायला लागले, लहानपणापासून पाठ असलेली, पण शब्द मागं-पुढं व्हायला लागले. तरी हात चालू ठेवला.

दोन जड... एक हलका.

थप्प.

वीज चमकली. तेवढ्या उजेडात मला दिसलं.

पाण्यावर दोघं होते.

पुढं एक माणूस, पाण्याच्या अगदी जवळ, मांडी घालून बसल्यासारखा. त्याच्या मागं आमच्या होडीचं टोक.

अंधार.

परत वीज चमकली तेव्हा होडी पुढं होती. खर्रकन चिखलाला घासली. मोहियोद्दीन उडी मारून उतरला, गुडघ्यावर पडला, उठला. जिवंत. उघडाबंब, कपाळातून रक्त येत होतं, पण जिवंत.

मी परात फेकली आणि धावले. पहिली त्याच्या पाठीत एक ठेवून दिली. मग गळ्यात पडून रडले. झेबा पण येऊन बिलगली. आम्ही तिघं तिथं चिखलात बसून लहान पोरांसारखे रडत होतो.

मग मोहियोद्दीननं मागं वळून बघितलं. "अरे, तो कुठाय?"

आम्ही पण बघितलं.

पाऊस जरा ओसरला होता. परातीचा आवाज नव्हता, थप्प पण नव्हतं. काठापासून थोड्याच अंतरावर, जिथं पाणी गुडघ्याला लागतं तिथं... लाटा एका जागी फुटत होत्या. आजूबाजूचं पाणी सरळ येत होतं आणि तेवढ्याच जागी दुभंगत होतं. पाण्यात कुणीतरी उभं असल्यासारखं.

दिसत काही नव्हतं.

थोड्या वेळानं लाटा सगळीकडं सारख्या झाल्या.

घरी आल्यावर चहा केला. मोहियोद्दीनला मीच पाजला. तो म्हणाला, सोंड बाजूनं गेली तरी होडी भिंगरीसारखी फिरली. एक वल्हं गेलं. मग पाऊस. त्याला काहीच ऐकू येत नव्हतं. परात नाही, काही नाही. तो कलमा म्हणत बसला होता.

"मग समोर एक माणूस दिसला. तराफ्यावर, माझ्याकडं पाठ करून. म्हणला, 'माझी वाजवू राहिली. ये माझ्या मागं.' मी गेलो मागं मागं. आवाज वळखीचा होता वहिदा, पण त्या टायमाला डोकंच चाललं नाय. हा माणूस आता नाय, हे ध्यानातच आलं नाय माझ्या. काठ दिसला तसा तो थांबला. म्हणला, 'हो तू पुढं.' मी पुढं झालो."

मी झेबाकडं बघितलं, तिनं माझ्याकडं.

आम्ही ही गोष्ट कुणाला सांगितली नाही. शेजारीपाजारी नाही, मशिदीच्या जमातीत नाही. त्या वेळी गावात लाईट गेलेली, मोबाईल बंद पडलेले.

सकाळी लाईट आली आणि झेबाच्या फोनवर सुदर्शनचा फोन आला.

"चाची, आई काल संध्याकाळपासून जेवली नाय. तुमच्याशीच बोलायचं म्हणती."

त्यानं फोन आईला दिला.

"वहिदा... मोहियोद्दीन आला का घरी?"

मी म्हणलं, "आला, आक्का."

"बरं झालं. लई बरं झालं."

मग हळूच म्हणाली, "अजून जरासं वाजवायचं होतंस गं. गुडघाभर पाण्यात उभे होते ते."

"आक्का, तुम्हाला... तुम्हाला कुणी सांगितलं?"

ती रडत नव्हती. रडली असती तर मला बरं वाटलं असतं.

"त्यांना वाटलं असंल, मीच हात सोडला," ती म्हणाली. "दुसऱ्यांदा."

समोर माझा नवरा कपाळाला पट्टी बांधून बसला होता, चहात पाव बुडवून खात होता. आपला माणूस काठाला लागला की हात थांबवायचा. मी तेच केलं. पण ज्याच्या घरची परात होती तो अजून पाण्यातच होता, हे माझ्या ध्यानात आलं नाही. मला फक्त माझा दिसत होता. मी फोन झेबाच्या हातात दिला आणि मोरीत जाऊन तोंडावर पाणी मारत बसले.

परात परत खिळ्याला लावली. मोहियोद्दीन आता ढग दिसला की होडी काढत नाही, आणि जॅकेट घातल्याशिवाय पाण्याकडं जात नाही. चतुराबाई सुदर्शनकडंच आहे. तिला गावाकडं यायचंय, तो आणत नाही. मीही त्याला "आण" म्हणत नाही. झेबा म्हणते, तू बरोबर केलंस असं टाईप करते. मला नाही तसं वाटत.

एक गोष्ट सांगते आणि संपवते. धरणाचा काठ काही एका जागी नसतो. पाणी वाढलं की तो वर सरकतो. त्या वर्षी काठ आमच्या घरापासून लांब होता, पार शेताच्या बांधाखाली.

यंदा पाऊस लई झाला. धरण काठोकाठ भरलंय. पाणी बांध ओलांडून वर आलंय, तराफे ठेवायची जागा बुडाली, शेडपण अर्धं पाण्यात आहे.

काल सकाळी मी मागचं दार उघडलं तर पाणी आमच्या पायरीला लागलेलं. पायरीखाली गुडघाभर होतं. कारभारीभाऊ उभा होता तेवढंच.